बाळाचे काळीज

मंडळी, ही एका घराची गोष्ट आहे. ते घर अमुक एकाचे नव्हे. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या कुठल्याही गावात असे घर असू शकते. म्हणून यात कोणाचे नाव घातलेले नाही. गोष्ट समजून घेण्यापुरती रचली आहे. पण तिच्यात रोगाची, इलाजाची आणि सरकारी सोयींची जी माहिती आहे, ती खरी आहे. ती ध्यानात ठेवावी. वेळ आली तर उपयोगी पडेल.

पोर वाढत का नाही?

साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी एक गाव आहे. तिथे एक शेतकरी जोडपे राहते. घरात म्हातारी आजी आहे. सुनेचे माहेर जळगाव जिल्ह्यात, अमळनेरकडे. पहिले बाळंतपण माहेरी झाले. मुलगी झाली. वजन पावणेतीन किलो भरले. पोर गोरीगोमटी, रडणेही खणखणीत. सारे आनंदात होते.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात सून सासरी आली. तेव्हापासून काहीतरी बिनसले. पोर छातीला लागे, चार घोट पिई आणि सोडून देई. तिला दम लागे. कपाळावर घाम येई. थंडीच्या दिवसांतही दूध पिताना तिचे केस ओले होत. सारखा खोकला. एकदा छाती भरली म्हणून पाच दिवस दवाखान्यात ठेवावी लागली.

निरोगी बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट होते. ही पोर चार किलोवरच अडली.

आजी म्हणाली, "काय व्हयनं वं माय? कोणाची नजर लागली?"

शेजारीण म्हणाली, "भगताकडे न्या. पोटावर डागणी द्या. आमच्या पोराला तशानंच गुण आला."

अंगणवाडीच्या ताई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, असं करू नका. डागल्यानं छातीतला रोग जात नाही. कातडी मात्र भाजते, जखम चिघळते. आधीच पोर अशक्त. तिला आणखी त्रास कशाला? परवा तपासणीचं पथक येणार आहे. त्यांना दाखवू."

पथक कसले?

२०१३ साली आपल्या देशात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. यात जन्मल्यापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची फुकट तपासणी होते. डॉक्टर आणि नर्सबाई यांचे पथक गाडीने गावोगाव फिरते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. शाळेत वर्षातून एकदा येते. मुलात जन्मापासून काही व्यंग आहे का, काही रोग आहे का, अंगात कशाची कमतरता आहे का, वाढ मागे पडली आहे का, हे चार प्रकार ते पाहतात. काही सापडले तर चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवतात.

पथकाच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला मांडीवर घेतले. तिचे श्वास घड्याळ लावून मोजले. एका मिनिटात ६४ भरले. दोन महिने ते एक वर्ष या वयाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त झाले, तर ते वाईट लक्षण समजावे. बाईंनी छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकले. मग चिठ्ठी लिहिली.

"भाऊ," त्या बापाला म्हणाल्या, "हिच्या काळजात जास्तीचा आवाज येतो. धुळ्याला न्या. उद्याच न्या. पुढच्या आठवड्यावर टाकू नका."

बांध फुटला की काय होते?

धुळ्याला डॉक्टरांनी पोरीच्या छातीवर गार मलम लावले. त्यावर एक छोटे यंत्र फिरवले. समोरच्या पडद्यावर काळीज हलताना दिसू लागले. या तपासणीला इको म्हणतात. पोटातले बाळ पाहायला सोनोग्राफी करतात, त्यातलाच हा प्रकार. यात सुई नाही, दुखणे नाही.

डॉक्टर म्हणाले, "हिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. आणि ते मोठं आहे."

आईच्या हातापायांतले बळच गेले. ती मटकन खाली बसली. बापाला तर काही समजेना. छिद्र म्हणजे काय? मग तेवढे रक्त बाहेर का येत नाही?

डॉक्टरांनी विचारले, "भाऊ, शेती कुठली?"

"फडातली. पांझरेच्या बंधाऱ्याचं पाणी आहे."

"मग तुम्हाला चटकन समजेल. बंधाऱ्यातून पाट निघतो. पाटाच्या चाऱ्या होतात. पाटकरी ज्याचं पाणी त्याला देतो. बरोबर? शेजारी-शेजारी दोन चाऱ्या आहेत. मधे बांध आहे. तो बांध फुटला तर काय होईल?"

"एका चारीचं पाणी दुसरीत जाईल."

"मग?"

"एका वावरात पाणी मावणार नाही, चिबड होईल. दुसरं वावर कोरडं राहील."

"तेच हिच्या छातीत झालं आहे," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवले. आपले काळीज, म्हणजेच हृदय, आपल्या मुठीएवढे असते. त्यात चार कप्पे असतात. दोन उजवीकडे, दोन डावीकडे. मधे पडदा असतो. अंगभर फिरून आलेले रक्त उजव्या बाजूला येते. उजवी बाजू ते फुप्फुसांत ढकलते. फुप्फुसांत रक्ताला ताजी हवा मिळते. ते ताजे रक्त डाव्या बाजूला येते. डावी बाजू ते साऱ्या अंगाला पुरवते. डाव्या बाजूचा जोर फार मोठा. तिला डोक्यापासून पायापर्यंत रक्त पोचवायचे असते.

मधल्या पडद्याला छिद्र असले, तर डावीकडचे रक्त जोराने उजवीकडे घुसते. ते पुन्हा फुप्फुसांतच जाते. फुप्फुसे चिबड रानासारखी होतात. म्हणून पोरीला धाप लागते, खोकला होतो, छाती भरते. अंगाला रक्त कमी पडते, म्हणून ती वाढत नाही. दूध पिणे हेच तिचे कष्टाचे काम. म्हणून पिताना घाम फुटतो. आणि फुटक्या बांधातून पाणी जाताना खळखळते, तसा आवाज नळीतून डॉक्टरांना ऐकू येतो.

"पहिल्या महिन्यात मग काही दिसलं कसं नाही?" आईने विचारले.

"जन्मानंतर थोडे आठवडे फुप्फुसांतल्या नळ्या आवळलेल्या असतात. तोवर छिद्रातून फार रक्त जात नाही. नळ्या सैल पडल्या की त्रास सुरू होतो. त्यामुळे बाळंतपणाच्या दवाखान्यात नेहमीच कळतं असं नाही."

साऱ्याच मुलांना ऑपरेशन लागते असे नाही. लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. तोवर डॉक्टर नुसते लक्ष ठेवतात. काही प्रकारांत मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालतात आणि छत्रीसारखे झाकण छिद्राला बसवतात. छाती उघडावी लागत नाही. कोणते छिद्र कोणत्या जातीचे, हे इको केल्यावर कळते. ते आपण घरी बसून ठरवू नये.

आजीचा नकार

संध्याकाळी घरी सारे जमले. ऑपरेशन म्हणताच आजी उठून बसली.

"मुंबईला न्यायची नाही. छाती फाडायची नाही. सूनबाई, तुझ्या माहेरचा तो पोरगा विसरलीस?"

सून विसरली नव्हती. तिच्या माहेरी शेजारच्या घरात एक मुलगा होता. त्यालाही जन्मापासून छिद्र होते. लहानपणी डॉक्टरांनी सांगितले होते. पण घरचे म्हणाले, पोर मोठे होऊ द्या, अंगात ताकद येऊ द्या, मग पाहू. पुढे त्याचा खोकला कमी झाला. वजनही थोडे वाढले. घरच्यांना वाटले, देवाने बरे केले. तो चौदा वर्षांचा झाला, तेव्हा त्याचे ओठ निळे पडू लागले. जिना चढवेना. मग मुंबईला नेला. तिथल्या डॉक्टरांनी तपासून परत पाठवला. ऑपरेशन केलेच नाही.

"एवढे मोठे डॉक्टर," आजी म्हणाली, "त्यांनाही जमलं नाही. मग आपण कशाला जायचं?"

सून गप्प बसली. तिलाही रात्रभर हाच विचार छळत होता.

दुसऱ्या दिवशी गावातल्या नर्सबाई घरी आल्या. आजीचे सारे बोलणे त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "आजी, त्या पोराचं ऑपरेशन डॉक्टरांना जमलं नाही असं नाही. त्याला उशिरा नेला. खोकला कमी झाला, तेव्हा तो बरा झाला नव्हता. तेव्हाच बिघडत होता."

"म्हणजे?"

बापाने वर पाहिले. त्याला आता उमगले होते. तो म्हणाला, "माय, चिबड रानाचं काय होतं? वर्षानुवर्षं पाणी साचलं की जमीन खारावते. मीठ वर येतं. मग बांध घातला, पाणी बंद केलं, तरी तिथं पीक येतं का?"

"नाही येत."

"तसंच आहे ते."

नर्सबाई म्हणाल्या, "अगदी तसंच. फुप्फुसांत फार वर्षं रक्ताचा लोंढा गेला, की तिथल्या बारीक नळ्या जाड आणि कडक होतात. मग त्यांत रक्त शिरेना. लोंढा कमी होतो, म्हणून खोकला थांबतो. घरच्यांना वाटतं, बरं वाटतंय. पुढे रक्त उलट वाहू लागतं. हवा न मिळालेलं रक्त अंगात जातं. ओठ आणि नखं निळी पडतात. त्या वेळी छिद्र बुजवलं तर जीवच जाईल. म्हणून डॉक्टर हात लावत नाहीत. औषधं देतात, जपायला सांगतात. पण दुरुस्तीची वेळ गेलेली असते. आजी, तुमच्या नातीची वेळ गेलेली नाही. मोठं छिद्र असलं तर ते बहुधा पहिल्या वर्षातच बुजवावं लागतं. ती आज पाच महिन्यांची आहे."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने नातीला जवळ ओढले. म्हणाली, "मग बसलात काय? तयारीला लागा."

दोष कोणाचा?

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "पोरीसाठी एवढी धावपळ? पुढच्या खेपेला मुलगा होईल."

बाप म्हणाला, "वहिनी, पोर माझी आहे. मुलगी काय आणि मुलगा काय, काळीज सारखंच असतं."

सुनेला मात्र दुसरीच बोच होती. ती नर्सबाईंना हळूच म्हणाली, "ताई, पोटुशी असताना ग्रहणात मी भाजी चिरली होती. त्यानं तर नाही ना झालं?"

"नाही," नर्सबाई म्हणाल्या. "ग्रहणानं काळजाला छिद्र पडत नाही. नजरेनं पडत नाही. हृदय घडतं ते गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत. पुष्कळदा तेव्हा बाईला दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. बहुतेक मुलांत नेमकं कारण सापडतच नाही. शंभर बाळांत साधारण एकाच्या हृदयात जन्मापासून काही ना काही दोष असतो. श्रीमंताच्या घरी असतो, गरिबाच्याही असतो. तुझा यात दोष नाही."

काही गोष्टींनी धोका वाढतो, हे मात्र खरे. जवळच्या नात्यात लग्न झाले तर वाढतो. आईचा मधुमेह ताब्यात नसेल तर वाढतो. गरोदरपणी रुबेला नावाचा गोवरासारखा ताप आला तर वाढतो. डॉक्टरांना न विचारता औषधे घेतली तर वाढू शकतो. म्हणून मुलामुलींना गोवर-रुबेलाची लस वेळेवर द्यावी. ती नवव्या महिन्यानंतर एकदा आणि दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा एकदा फुकट मिळते. दिवस राहिल्याबरोबर दवाखान्यात नाव घालावे. एका मुलाला असा दोष असेल, तर पुढच्या खेपेला पाचव्या महिन्याच्या सुमारास पोटातल्या बाळाचे हृदय मुद्दाम तपासून घ्यावे.

पैसा कुठून आणायचा?

बापाच्या मनात वावर गहाण टाकायचे होते. नर्सबाईंनी त्याला थांबवले.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी एक सरकारी आरोग्य योजना सुरू झाली. तेव्हा तिला राजीव गांधींचे नाव होते. सुरुवातीला ती आठच जिल्ह्यांत होती. त्यांत आपला धुळे जिल्हा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती साऱ्या राज्यात लागू झाली. मग जळगावलाही मिळाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. पूर्वी एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. जुलै २०२४ पासून ही मर्यादा पाच लाख झाली आहे. मुलांच्या हृदयाची ऑपरेशने यात बसतात.

योजनेत सामील असलेल्या दवाखान्यातच हा लाभ मिळतो. तिथे दारापाशी आरोग्यमित्र बसतो. आधी त्याला भेटावे. तो कागद पाहतो आणि मंजुरीसाठी पाठवतो. मंजुरी येण्याआधी घाईने पैसे भरू नयेत. शंका असल्यास १५५३८८ या नंबरावर फोन करून विचारावे.

नर्सबाईंनी एका कागदावर यादी लिहून दिली:

रेशनकार्ड.
आईबापांची आधारकार्डे.
मुलाचा जन्माचा दाखला.
पथकाची चिठ्ठी.
इकोचा कागद आणि आजवरचे सारे कागद.
लसीकरणाचे कार्ड.

प्रत्येक कागदाच्या दोन-दोन नकला काढाव्यात. मूळ कागद एका पिशवीत घालून ती पिशवी अंगाजवळ ठेवावी. रेशनकार्डावर मुलाचे नाव अजून चढवले नसेल, तर जन्माचा दाखला हाच आधार. म्हणून जन्माची नोंद कधी चुकवू नये.

मुंबईची वाट

मुलांच्या हृदयाचे मोठे ऑपरेशन करायला वेगळे डॉक्टर, वेगळी यंत्रे आणि रात्रंदिवस जागणाऱ्या नर्सबाया लागतात. म्हणून खानदेशातल्या मुलांना पुष्कळदा मुंबईला पाठवतात. परळला के. ई. एम. रुग्णालय आहे. ते १९२६ पासून चालू आहे. त्याच्या जवळच मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. नव्या मुंबईत खारघर येथे सत्य साई संजीवनी नावाचे मुलांच्या हृदयाचे रुग्णालय आहे. तिथे पैसे घेतच नाहीत. कुठे जायचे ते पथकाचे डॉक्टर सांगतात.

जळगावहून मुंबईला थेट गाडी आहे. धुळ्याकडची माणसे चाळीसगावला जाऊन गाडी धरतात, किंवा आग्रा रस्त्याने एस. टी. ने जातात. हृदयाच्या ऑपरेशनसाठी जाणाऱ्या रोग्याला आणि त्याच्या सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते. त्यासाठी डॉक्टरांची सही असलेला ठरावीक कागद लागतो. तो आधी मागून घ्यावा.

ते रात्रीच्या गाडीने निघाले. आईने पोरीला उभे धरून, थोडे-थोडे दूध पाजले. धाप लागणाऱ्या बाळाला एकदम फार पाजू नये. थोडे पाजावे, थांबावे, पुन्हा पाजावे. धुळ्याच्या डॉक्टरांनी दिलेले औषध वेळेवर दिले. अंगात साचलेले जास्तीचे पाणी त्या औषधाने लघवीवाटे निघून जाते. ऑपरेशनपर्यंत त्याने आराम पडतो. पण औषधाने छिद्र बुजत नाही.

पहाटे दादरला उतरले. केवढी ती गर्दी! बापाने आयुष्यात इतकी माणसे एका जागी फक्त जत्रेत पाहिली होती. त्याने कागदाची पिशवी छातीशी धरली. मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतात. ते पांढऱ्या कोटातले डॉक्टर नव्हेत. राहण्याची, जेवणाची, पैशाची अडचण सोडवणे हे त्यांचे काम. लाजू नये, त्यांना विचारावे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावचे रोगी आणि नातेवाईक तिथे उतरतात. जागा आहे का, ते आधी विचारून घ्यावे.

ऑपरेशन लगेच झाले नाही. पोरीला सर्दी होती. डॉक्टर म्हणाले, "छाती स्वच्छ होऊ द्या. आठ-दहा दिवस थांबा." बापाला वाटले, आपल्याला टाळतात. पण तसे नव्हते. सर्दीतापात ऑपरेशन केले तर धोका वाढतो. असे थांबवले तर चिडून गावी परतू नये.

काळीज थांबवून दुरुस्ती

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बापाने विचारले, "डॉक्टरसाहेब, पाट चालू असताना आम्ही बांध दुरुस्त करत नाही. पाणी आधी अडवतो. पोरीचं काळीज अडवलं तर ती जगेल कशी?"

डॉक्टर म्हणाले, "चांगलं विचारलंत. आम्हीही पाणी दुसरीकडून वळवतो. तेवढा वेळ तिचं रक्त एका यंत्रातून फिरतं. यंत्र रक्ताला हवा देतं आणि अंगाला पुरवतं. काळीज शांत झालं की आम्ही छिद्राला ठिगळ लावतो. गोधडीला लावता ना, तसंच. मग काळीज पुन्हा चालू होतं."

हे यंत्र एका दिवसात तयार झाले नाही. अमेरिकेत डॉक्टर गिबन यांनी पुष्कळ वर्षे खटपट केली. ६ मे १९५३ रोजी त्यांनी यंत्राच्या आधाराने एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाचे छिद्र बुजवले. ती वाचली. पण पुढच्या रोग्यांत यश आले नाही. तेव्हा तिथलेच दुसरे डॉक्टर लिलेहाय यांनी निराळी वाट काढली. मार्च १९५४ मध्ये एक वर्षाच्या एका मुलाला त्यांनी टेबलावर घेतले. शेजारी मुलाच्या बापाला निजवले. दोघांच्या शिरा नळ्यांनी जोडल्या. मुलाचे काळीज दुरुस्त होईपर्यंत बापाच्या काळजाने आणि फुप्फुसांनी दोघांचे काम केले. छिद्र बुजले. पण ते मूल पुढे अकरा दिवसांनी छाती भरून वारले. तरी डॉक्टरांनी आणि आईबापांनी धीर सोडला नाही. त्यानंतरची पुष्कळ मुले त्याच रीतीने वाचली. पुढे यंत्रे सुधारली. आता कोणा बापाला टेबलावर निजावे लागत नाही.

हे ऐकून बाप म्हणाला, "लागलं असतं तर मीही निजलो असतो."

डॉक्टरांनी काही लपवले नाही. ते म्हणाले, "धोका अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. बहुतेक मुलं सुखरूप घरी जातात. छिद्र तसंच ठेवण्याचा धोका मोठा आहे." मग त्यांनी संमतीचा कागद दिला. बापाने तो सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. एक शब्द समजला नाही, तो विचारून घेतला. मग सही केली. अंगठा नव्हे, सही.

सकाळी पोरीला आत नेले. आई दाराशी बसून राहिली. दुपार झाली. दार उघडले. डॉक्टर म्हणाले, "ठिगळ बसलं."

पोर खास खोलीत होती. तोंडात नळी, छातीतून नळी, हातात सुई. आईला पाहवेना. नर्सबाई म्हणाल्या, "ताई, या नळ्या कायमच्या नाहीत. रोज एकेक निघेल." तसेच झाले. तिसऱ्या दिवशी पोरीने डोळे उघडून आईकडे पाहिले. सहाव्या दिवशी ती पोटभर दूध प्याली. कपाळावर घामाचा थेंब नव्हता. आईला रडू आले, ते तेव्हा.

घरी आल्यावर

छातीचे हाड जुळायला सहा आठवडे लागतात. तोवर पोरीला काखेत हात घालून उचलायचे नाही. एक हात मानेखाली, एक हात कुल्ल्याखाली घालून उचलायचे. जखमेवर हळद, राख, तेल काही लावायचे नाही. ताप आला, जखम लाल झाली, पाणी येऊ लागले किंवा धाप लागली, तर लगेच दाखवायचे. औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही. सांगितलेल्या तारखेला तपासणीला जायचे. राहिलेल्या लसी डॉक्टरांना विचारून पूर्ण करायच्या. दात आले की ते स्वच्छ ठेवायचे. किडक्या दातांतले जंतू रक्तातून काळजापर्यंत जाऊ शकतात.

एका वर्षाने सून माहेरी गेली. पोर आता अंगणात धावत होती. शेजारच्या घरचा तो मुलगा ओट्यावर बसला होता. त्याची आई बाहेर आली. तिने पोरीला उचलून घेतले. छातीवरच्या वळावरून बोट फिरवले.

"लवकर नेलीस. बरं केलंस," ती म्हणाली. "आम्हाला कोणी सांगितलंच नाही गं, की वेळेलाही किंमत असते."

मंडळी, आपल्याला कोणी सांगितले नाही, असे आता म्हणता येणार नाही. तुम्ही हे वाचले आहे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.

हे ध्यानात ठेवा

१. बाळ दूध पिताना थकते, घामेजते. दाखवा.
२. वजन वाढत नाही, छाती सारखी भरते. दाखवा.
३. श्वास भरभर चालतो, बरगड्यांखाली खड्डा पडतो. लगेच न्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील, तर थांबू नका.
४. ओठ, जीभ निळी पडते. त्याच घडीला न्या. १०८ नंबरावर फोन केला की फुकट गाडी येते. गाडी येईपर्यंत बाळाचे गुडघे छातीशी दुमडून धरा.
५. मोठे मूल खेळता-खेळता दमून उकिडवे बसते. दाखवा.
६. खोकला आपोआप थांबला म्हणून तपासणी सोडू नका.

आठवा आणि सांगा

१. चिबड वावर आणि पोरीची फुप्फुसे यांत सारखे काय?
२. माहेरच्या त्या मुलाचे ऑपरेशन का झाले नाही?
३. तुमच्या अंगणवाडीत तपासणीचे पथक पुन्हा केव्हा येणार आहे? ताईंना विचारून तारीख लिहून ठेवा.